भित्तिपत्रकांचे बाबूराव

गाजलेल्या चित्रपटाचे पोस्टर स्वतःच्या दृष्टीने नव्याने रेखाटण्याकडे आज अनेक तरुण चित्रकार वळले आहेत. नटाच्या छायाचित्राऐवजी चित्रकाराला उमगलेला चित्रपट कागदावर उतरावा, हा त्यामागील आग्रह. मराठी मुलखाला तो नवा नाही.

अमरावती-अकोल्याच्या जुन्या रसिकांना चौकातील भिंतींवर खळीने चिकटवलेली, हाताने रंगवलेल्या चित्रांची पोस्टरे आठवत असतील. चित्रपट व्यवसायाच्या भाषेत वऱ्हाड 'सी. पी. बेरार' या वितरण क्षेत्रात मोडते. रिळांच्या पेट्यांसोबत पोस्टरांचे गठ्ठेही इकडे येत. त्या रंगीत कागदाची परंपरा शोधू गेल्यास वाट कोल्हापूरला पोहोचते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांचा जन्म तेथे ३ जून १८९० रोजी झाला. नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले, तरी दोघांनी पाहिलेले चित्रपटनिर्मितीचे स्वप्न बाबूरावांनी सोडले नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले.

दिग्दर्शक, कलादिग्दर्शक आणि पोस्टरांचा चित्रकार एकच असणे, हे बाबूरावांचे वेगळेपण. प्रसंगाची मांडणी ज्याने पडद्यावर केली, त्याच्याच कुंचल्यातून जाहिरातही उतरे. ती दुसऱ्याने सांगून काढून घेतलेली नसे. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या मूकपटाचे पोस्टर उपलब्ध भारतीय चित्रपट-पोस्टरांतील सर्वांत जुने मानले जाते. कंपनीचे बहुतेक मूकपट मात्र नष्ट झाले. ज्या कागदाचे आयुष्य एका खेळापुरते धरले जाई, त्यानेच चित्रपटाची आठवण राखली, हा विलक्षण योगायोग!

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले. पुढे कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांनी 'मुघल-ए-आझम'चे (१९६०) भव्य फलक रंगवले. छत्रपती शिवाजी महाराजांचे सर्वपरिचित चित्रही त्यांचेच. 'दीवार'च्या (१९७५) काळात दिवाकर करकरे यांनी जाड रंगांच्या फटकाऱ्यांनी पोस्टरला नवा आवेश दिला.

संगणक आणि फ्लेक्स आल्यावर हा व्यवसाय आटोपला. गावोगावच्या रंगाऱ्यांनी दुकानांच्या पाट्या आणि उत्सवांचे देखावे रंगवून चरितार्थ चालवला. वऱ्हाडातील चित्रपटगृहांवरचे त्यांचे फलक पुढच्या चित्रपटासाठी पुसून पुन्हा रंगवले जात, त्यामुळे ते जपण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.