मूत्ररोध व कॅथेटर

मूत्राशय भरूनही लघवी न होणे यास मूत्ररोध म्हणतात. अष्ठीला ग्रंथीची (प्रोस्टेटची) वृद्धी, मूत्रमार्गाचा संकोच, मूतखडा व पृष्ठरज्जूची इजा ही त्याची प्रमुख कारणे होत. तुंबलेल्या मूत्रामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून ते नळीवाटे काढण्याचा उपाय प्राचीन आहे.

मूत्रधार क्षीण करणाऱ्या निरुद्धप्रकश या विकारावर लोखंडाची, लाकडाची वा लाखेची नळी तूप लावून घालावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७५२ मध्ये मूतखड्याने पीडित असलेल्या आपल्या भावासाठी लवचिक चांदीचे कॅथेटर करविले. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक नेलातों यांनी मऊ रबरी कॅथेटर प्रचारात आणले. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकन मूत्ररोगतज्ञ फ्रेडरिक फोली यांनी टोकाशी फुगा असलेले, मूत्राशयात टिकून राहणारे कॅथेटर विकसित केले.

या सोयीबरोबर नवा धोका आला. उघड्या बाटलीत मूत्र साठविल्याने जंतू नळीवाटे मूत्राशयात शिरत. बंद पिशवीच्या पद्धतीने संसर्ग लांबला, पण टळला नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत लॅपिडस यांनी रुग्णाने स्वतःच ठराविक वेळी स्वच्छ नळीने मूत्र काढण्याची पद्धत मांडली. मूत्राशय तुंबू न देणे हे निर्जंतुकतेहून महत्त्वाचे, असे तिचे तत्त्व होते.

पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवणे, हात धुणे, मूत्राचे मोजमाप ठेवणे व गरज संपताच कॅथेटर काढण्याची आठवण देणे ही परिचारिकेची कर्तव्ये याच अनुभवातून निश्चित झाली.