स्वस्त विमान तिकिटाचा शोध : भाड्याचे गणित प्रवाशाच्या पडद्यापर्यंत कसे पोहोचले?

१/ मुंबईहून दिल्लीला निघालेल्या विमानात शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी एकमेकांना तिकिटाची किंमत विचारली, तर बहुधा एकाचा चेहरा पडतो. विमान एकच, आसन सारखेच, पोहोचण्याची वेळही तीच. भाडे मात्र कधी दीडपट, कधी दुप्पट. हा फरक योगायोगाचा नाही. त्यामागे अर्धशतकाहून अधिक काळाचे गणित, यंत्रे आणि कायदे आहेत. इंटरनेटवर स्वस्त तिकीट शोधणारा माणूस नेमके काय शोधत असतो, हे त्या इतिहासातून उलगडते.

२/ एके काळी असा शोध घेण्यात अर्थच नव्हता. अमेरिकेत १९३८ पासून देशांतर्गत भाड्यांवर सरकारी मंडळाचे नियंत्रण होते. आंतरराष्ट्रीय भाडी ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या परिषदांत ठरत आणि सरकारे त्यांना मान्यता देत. भारतात १९५३ च्या कायद्याने विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. दहा ठिकाणी चौकशी केली तरी भाडे जवळपास तेच निघे. कंपन्यांची स्पर्धा होती ती जेवणात, आदरातिथ्यात आणि वेळापत्रकात.

३/ त्या काळी खरी अडचण होती ती आसनांच्या हिशेबाची. आरक्षण कार्यालयांत प्रत्येक उड्डाणासाठी कार्डे असत; कारकून ती शोधून त्यांवर खुणा करीत. आरक्षणाचे एक काम पूर्ण होण्यास तास-दीड तास लागे. १९५३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ यांची एका विमानप्रवासात गाठ पडली. त्या संभाषणातून पुढे जी यंत्रणा उभी राहिली, तिचे नाव ‘सेबर’.

४/ न्यूयॉर्क राज्यातील ब्रायरक्लिफ मॅनर येथे आयबीएमचे दोन ७०९० संगणक बसवण्यात आले आणि १९६४ पर्यंत कंपनीचे सारे आरक्षण ‘सेबर’वर आले. तासाचे काम काही सेकंदांत होऊ लागले. त्याहून मोठा परिणाम पुढे दिसला. कोणत्या उड्डाणाची किती आसने कोणत्या दिवशी विकली जातात, याची नोंद आता यंत्रात साठू लागली. त्या नोंदींच्या आधारे मागणीचा अंदाज बांधणे शक्य झाले.

५/ विमानाचे रिकामे आसन हा नाशवंत माल. भाजीवाला उरलेली मेथी संध्याकाळी पडत्या भावाने तरी विकू शकतो. विमान उडाल्यावर रिकामे आसन कोणत्याही भावाने विकता येत नाही. पण सगळीच आसने आधी स्वस्तात विकली, तर ऐनवेळी येणाऱ्या आणि अधिक पैसे मोजायला तयार असलेल्या प्रवाशासाठी जागा उरत नाही. या पेचावर ब्रिटनच्या ‘बीओएसी’ कंपनीतील केन लिटलवूड यांनी १९७२ मध्ये एक नियम मांडला.

६/ उदाहरणार्थ, पूर्ण भाडे ५,००० रुपये आणि सवलतीचे ३,००० रुपये आहे असे मानू. एखादे आसन पुढे पूर्ण भाड्याने विकले जाण्याची शक्यता ७० टक्के असेल, तर त्याचे अपेक्षित मोल ३,५०० रुपये होते. ते राखून ठेवावे. शक्यता ५० टक्के असेल, तर मोल २,५०० रुपये. ते सवलतीत विकून टाकावे. स्वस्त आसने किती असावीत, हे औदार्य ठरवीत नाही; हा अंदाज ठरवतो. आजच्या भाडेव्यवस्थेचे बीज या नियमात आहे.

७/ १९७७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘सुपर सेव्हर’ भाडी आणली. आगाऊ आरक्षण आणि ठरावीक दिवसांचा मुक्काम या त्यांच्या अटी होत्या. अटींचा हेतू उघड होता : सुट्टीवर जाणारा आधी ठरवतो, कामासाठी जाणारा ऐनवेळी धावतो, दोघांना एकाच दाराने आत येऊ द्यायचे नाही. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी भाडेनियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि खऱ्या अर्थाने किंमतयुद्ध सुरू झाले.

८/ १९८१ मध्ये नेवार्कहून ‘पीपल एक्स्प्रेस’ उडू लागली. थाटमाट नाही, खाण्याचे पैसे वेगळे, पण भाडे अगदी कमी. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने तिच्या तोडीची भाडी जाहीर केली, मात्र फक्त निवडक आसनांसाठी. उरलेली आसने चढ्या भावाने विकली जात राहिली. ‘पीपल एक्स्प्रेस’कडे असे बारीक गणित करणारी यंत्रणा नव्हती. १९८७ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

९/ या पद्धतीत एकाच वर्गाची आसने अनेक कप्प्यांत विभागली जातात. प्रत्येक कप्प्याला एक अक्षर, एक भाडे आणि काही अटी असतात. स्वस्त कप्पा संपला, किंवा यंत्रणेने तो बंद केला, की पुढचा महाग कप्पा समोर येतो. सकाळी पाहिलेले भाडे दुपारी वाढलेले दिसते, तेव्हा संकेतस्थळाने आपल्याला ओळखले, असा संशय अनेकांना येतो. कप्प्यांची ही उघडझाप मात्र ब्राउझरच्या जन्मापूर्वीपासून चालू आहे.

१०/ मग माहिती कोणाच्या हाती होती? १९७६ पासून अमेरिकेतील ट्रॅव्हल एजंटांकडे विमान कंपन्यांचे संगणक पोहोचले. घाईतला एजंट बहुधा पडद्यावरच्या वरच्या ओळींतूनच तिकीट काढी. यंत्रणेच्या मालक कंपन्या स्वतःची उड्डाणे वर आणि प्रतिस्पर्ध्यांची खाली ढकलू लागल्या. तक्रारी वाढल्या आणि १९८४ मध्ये नियम करून हा पक्षपात रोखावा लागला. आधी काय दिसते, हा प्रश्न त्या काळापासूनच पैशांचा आहे.

११/ १९८५ मध्ये ‘सेबर’ची एक सोपी आवृत्ती घरगुती संगणकधारकांसाठी खुली झाली. १९९६ मध्ये ‘सेबर’नेच ‘ट्रॅव्हलॉसिटी’ आणि मायक्रोसॉफ्टने ‘एक्स्पीडिया’ सुरू केली. एजंटाच्या मेजावरचा पडदा प्रवाशाकडे वळला. त्याच वर्षी एमआयटीतील संगणकतज्ज्ञांनी ‘आयटीए सॉफ्टवेअर’ स्थापून भाडेशोधाचे अवघड गणित हाती घेतले. गूगलने ती कंपनी ७० कोटी डॉलरना विकत घेतली. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकी सरकारने हा व्यवहार होऊ दिला, पण प्रतिस्पर्ध्यांनाही ते तंत्र मिळत राहावे, अशी अट घालून.

१२/ भारतातील वाट वेगळी होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘एअर टॅक्सी’ परवान्यावर खासगी कंपन्या आल्या आणि मार्च १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला. तरीही मध्यमवर्गासाठी प्रवास म्हणजे रेल्वेच होती. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने रेल्वे तिकिटे इंटरनेटवर विकण्यास आरंभ केला. पडद्यावर पैसे भरून प्रवास करता येतो, हा विश्वास अनेक भारतीय घरांत रेल्वेच्या तिकिटानेच रुजवला.

१३/ ऑगस्ट २००३ मध्ये निवृत्त लष्करी अधिकारी कॅप्टन गोपीनाथ यांची ‘एअर डेक्कन’ उडू लागली. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ तिच्या जाहिरातींचा चेहरा झाला. तिकिटे संकेतस्थळ आणि कॉल सेंटरवरून विकली जात. विमानात खाणे विकत घ्यावे लागे. एक रुपयाच्या तिकिटाने देशभर चर्चा झाली. अशी आसने मोजकीच असत आणि कर वेगळे भरावे लागत. तरी पूर्वी विमानाचा विचारही न करणारा माणूस भाडे शोधू लागला.

१४/ ‘मेकमायट्रिप’ ही कंपनी २००० मध्ये स्थापन झाली. आरंभी तिचे ग्राहक होते अमेरिकेतून मायदेशी येणारे भारतीय. २००५ मध्ये ती भारतातील प्रवाशांकडे वळली. २००६ मध्ये ‘यात्रा’ आणि ‘क्लिअरट्रिप’ आल्या. अनेक कंपन्यांची भाडी एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसू लागली. १ जून २००८ पासून ‘आयाटा’च्या व्यवस्थेत छापील तिकिटे देणे थांबले आणि तांबड्या कार्बनची ती पुस्तिका इतिहासजमा झाली.

१५/ त्याच वर्षी ‘एअर डेक्कन’ किंगफिशरमध्ये विलीन झाली. ‘पीपल एक्स्प्रेस’प्रमाणेच स्वस्ताईची सवय लावणारी कंपनी स्वतः टिकली नाही, सवय मात्र टिकली. बाजारावर सारे सोपवून चालत नाही, हेही दिसत राहिले. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली उड्डाणे झाली. त्यांत नांदेड–हैदराबाद मार्ग होता. साधारण तासाभराच्या उड्डाणातील निम्म्या आसनांसाठी २,५०० रुपयांची मर्यादा ठरली. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात देशांतर्गत भाड्यांवर सरकारी मर्यादा होत्या.

१६/ या इतिहासातून शोधाच्या काही रीती सरळ निघतात. स्वस्त कप्पे लवकर संपतात, म्हणून गर्दीच्या दिवसांसाठी आधी शोधावे. तारीख सैल ठेवता आली, तर मागणी कमी असलेला दिवस सापडतो. पडद्यावरची पहिली ओळ स्वस्तच असेल असे नाही. क्रम कोणत्या निकषावर लावला आहे, ते पाहावे. सामान, आसननिवड आणि सेवाशुल्क धरूनच तुलना करावी. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही एकदा नजर टाकावी.

१७/ ज्या मार्गावर एकच कंपनी उडते, तेथे कितीही संकेतस्थळे धुंडाळली तरी फारसे हाती लागत नाही. दुसरी कंपनी त्या मार्गावर आली, की न शोधताही भाडे उतरू शकते. १९५३ मध्ये भाडे सर्वांना ठाऊक होते, पण निवड नव्हती. आज हजारो भाडी पडद्यावर आहेत. त्यांतून खरी निवड किती मिळते, हे अजूनही त्या मार्गावर किती कंपन्या उडतात यावर अवलंबून आहे.