नाव न लिहिता

परवा भाचीचा फोन आला. ती लॉ करते आहे, तिसरे वर्ष. "मावशी, आजोबांची पुस्तकं आहेत ना अजून? मला 79 सालचा एआयआर पाहून राहिला होता."

आहेत म्हटलं. बाबा गेल्यावर निम्मी पुस्तके त्यांच्या एका ज्युनिअरने नेली, उरलेली माझ्याकडे माळ्यावर आहेत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर. देशभरचे वकील ज्यातले निकाल कोर्टात दाखवतात ते हे प्रकाशन आमच्या नागपूरचे, चितळ्यांनी सुरू केलेले. संत्र्यांच्या पलीकडे आमच्या गावाने देशाला काय दिले असे कुणी विचारले की बाबा हेच नाव घ्यायचे.

कुठला निकाल हवा हे तिने सांगण्याआधीच मला कळले. 1979, सुप्रीम कोर्ट, पान 185. ते पान मी पंधरा वर्षांची असताना वाचायला घेतले होते. 1980 साल होते. पेपरमध्ये रोज त्या खटल्याबद्दल येत होते, मोर्चे निघत होते, आणि घरात मात्र मी आले की बोलणे थांबायचे. म्हणून बाबा कोर्टात गेलेले पाहून कपाट उघडले. दोन पाने वाचून झाली असतील नसतील, बाबा काहीतरी विसरले म्हणून परत आले. रागावले नाहीत. हातातून खंड घेतला, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, "हे तुझ्या वाचण्यासारखं नाही." त्या मुलीचे वय निकालात 14 ते 16 च्या दरम्यान दिले होते. म्हणजे जे तिच्याबद्दल छापले होते ते वाचायला मी लहान होते!

खटला असा. 26 मार्च 1972 ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातले एक पोलीस ठाणे. आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी. घरातल्या एका तक्रारीवरून तिला जबाबासाठी ठाण्यात बोलावले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढून तिला आत थांबवले, आणि आपल्यावर ठाण्यातच अत्याचार झाला असे तिने बाहेर आल्यावर सांगितले. दोन पोलिसांवर खटला चालला. 1974 मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. 1976 च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाने, म्हणजे नागपूर खंडपीठाने, तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून एकाला 5 वर्षे आणि दुसऱ्याला 1 वर्ष शिक्षा दिली. मग 15 सप्टेंबर 1978 ला सुप्रीम कोर्टाने दोघांनाही पुन्हा सोडले. कारण अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केल्याचे कोर्टाला पटले नाही.

वर्षभराने उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. 1980 च्या महिलादिनाला दिल्ली, मुंबई, नागपूर अशा शहरांत बायका रस्त्यावर आल्या. हे सगळे बहुतेकांना माहीत असते.

मला लिहायचे आहे ते नावाबद्दल.

कागदोपत्री हा खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' आहे. फौजदारी खटल्यात एका बाजूला सरकार असते, दुसऱ्या बाजूला आरोपी. जिच्यावर बेतले ती फक्त साक्षीदार. पण तुकाराम कुणाला आठवत नाही. खटला ओळखला जातो तो त्या मुलीच्या नावाने. पुस्तकांतही आणि परीक्षेच्या पेपरातही. आणि नावासोबत बाकीचेही आले. तिचे कुणाशी सूत होते, डॉक्टरने तिला कसे तपासले, बोटे घालून काय निष्कर्ष काढला, सारे निकालपत्रात आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात तर बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई 'सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची' आहे हे दाखवायची आरोपीला उघड मुभा होती. ते कलम 2002 च्या दुरुस्तीने गेले. बोटांची ती तपासणी बाईच्या खासगीपणावर घाला आहे हे सुप्रीम कोर्टाने म्हणायला 2013 उजाडले.

आता गंमत बघा (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही). या मुलीच्या खटल्यामुळे 1983 साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात, संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि बाई संमती नव्हती म्हणाली, तर कोर्टाने तसेच धरून चालायचे. सुनावणी बंद दाराआड घ्यायची. आणि भारतीय दंड विधानात 228-अ हे नवे कलम आले, की पीडितेचे नाव किंवा ओळख पटेल असे काहीही छापणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद. आता तेच भारतीय न्याय संहितेचे कलम 72 आहे, 1 जुलै 2024 पासून. म्हणजे पुढच्या साऱ्या बायकांची नावे जिच्यामुळे झाकली गेली, तिचे स्वतःचे तेवढे उघडे राहिले. शिवाय त्या कलमातच स्पष्टीकरण होते की हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचे निकाल छापणे हा गुन्हा नाही. वर्तमानपत्राला बंदी, निकालपत्राला नाही! निकालातही शक्यतो नाव नको, हे सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये सांगितले. 2018 च्या निपुण सक्सेना निकालात आणखी कडक सांगितले, एफआयआरसुद्धा लोकांसमोर येता कामा नये म्हणून. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा 9 न्यायमूर्तींचा निकाल 2017 चा. त्या नऊ जणांत आमच्या नागपूरचे शरद बोबडे होते, याचा इथल्या वकीलमंडळींना कोण अभिमान! पण मागे छापलेले कुणाला पुसता येते?

भाचीशी यावरून वाद झाला. ती म्हणाली, "नाव होतं म्हणून तर लोकांना ती आपली वाटली. नुसतं 'एक मुलगी' म्हटलं असतं तर मोर्चे निघाले असते काय?" मी तिला 2012 च्या दिल्लीची आठवण दिली. तेव्हा नाव माहीत नसतानाच लोक जमले होते, वर्तमानपत्रांनी दिलेल्या टोपणनावावर. त्या मुलीच्या आईने 2015 मध्ये जाहीर सभेत स्वतः खरे नाव सांगितले. माझ्या मुलीने लाजावे असे काही केले नाही, मग का लपवू, हे तिचे म्हणणे मला शंभर टक्के पटते. पण ती आई स्वतःहून बोलली. कायदाही तेच म्हणतो, बाईने लेखी परवानगी दिली तर नाव छापा. आमच्या इकडच्या या मुलीला 1972 मध्ये कुणी विचारले? पुढेही पत्रकार तिचे घर शोधत जात राहिले, दिल्लीच्या घटनेनंतर तर पुन्हा. प्रत्येकाला तिने तीच रात्र पहिल्यापासून सांगायची.

मी नाव लिहिले नाही तरी तुम्ही ते मनात घेतलेच असेल. त्याला माझा इलाज नाही. प्रतिक्रियांत मात्र कृपा करून लिहू नका, मी काढून टाकीन.

बाबांनी तो खंड वर ठेवला तेव्हा ते माझ्यापासून काहीतरी लपवताहेत एवढेच मला वाटले होते. त्यांच्या मनात काय होते, विचारायचे राहून गेले.

रविवारी भाची आली. चौकातून त्या पानांचे झेरॉक्स काढून आणले आणि व्हाईटनरची बाटली घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. एकेक ओळ वाचायची, पांढरा ठिपका द्यायची, फुंकर मारायची. चहा गार झाला. "मावशी," तिसऱ्या पानावर ती म्हणाली, "किती वेळा लिहून ठेवलं आहे गं यांनी!"