मर्यादा त्यांची, बाकी आपली : सुप्याच्या बाजारापासून क्रेडिट कार्डापर्यंत

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा.)

‘अभिनंदन! आपली क्रेडिट लिमिट ७५ हजारांवरून १ लाख ८० हजार होऊ शकते. फक्त होकार कळवा.’ असे मेसेज आता तालुक्याच्या गावातही घरोघरी येतात. शिक्षक, एसटीतला कंडक्टर, मेडिकलवाला, नुकताच नोकरीला लागलेला पोरगा, सगळ्यांना येतात. आणि माणूस मनातून खूश होतो. कारण आपल्या भाषेत ‘पत’ हा शब्द पैशाच्या आधी इज्जतीचा आहे. ‘बाजारात त्याची पत आहे’ म्हणजे त्याचा शब्द चालतो. त्यामुळे बँकेने मर्यादा वाढवली की आपली इज्जत वाढली असं वाटतं.

हे वाटणं नवीन नाही. आपल्याच मुलखात दीडशे वर्षांपूर्वी हे सगळं एकदा घडून गेलं आहे. तेव्हा प्लास्टिकचं कार्ड नव्हतं, सावकाराची वही होती. पण हिशोबाची चाल तीच होती. म्हणून आज थोडा इतिहास.

एकरी १०० रुपये उचल

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या कापड गिरण्यांना लागणारा कापूस मुख्यतः अमेरिकेतून यायचा, तो थांबला. मग साहेबाची नजर वळली हिंदुस्थानकडे. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरी सावकारांना पैसे दिले, त्यांनी गावच्या सावकारांना, आणि गावच्या सावकाराने शेतकऱ्याला. कापूस लावणाऱ्याला एकरी १०० रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. त्या काळचे १०० रुपये! काल ज्याला बियाण्यापुरते पैसे मागायला दहा चकरा माराव्या लागत, त्याच्या दारात सावकार स्वतः येऊन उभा राहिला. १८६० ते १८६४ या चार वर्षांत दख्खनमधलं कापसाचं क्षेत्र दुपटीवर गेलं.

आजच्या भाषेत सांगायचं तर शेतकऱ्याची क्रेडिट लिमिट वाढली. त्याचं उत्पन्न कायमचं वाढलं म्हणून नाही, तर वर कुठेतरी पैसा फार झाला होता आणि तो कुणाला तरी द्यायचा होता म्हणून.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला, भाव पडला. मुंबईत शेअरचा फुगा फुटला. आणि गावात सावकाराने हात आखडला. नवीन उचल बंद, जुनी बाकी भरा. नेमक्या याच काळात जमिनीची ३० वर्षांची पाहणी संपून नवी आकारणी सुरू झाली आणि कित्येक ठिकाणी शेतसारा ५० ते १०० टक्के वाढला. म्हणजे कर्जाची गरज सगळ्यात जास्त, आणि पत सगळ्यात कमी.

या पोस्टमधली मुख्य गोष्ट हीच. मर्यादा ही देणाऱ्याची असते. त्याच्या सोयीने ती वाढते, त्याच्या सोयीने ती घटते. बाकी मात्र आपली असते. ती कुणाच्या सोयीने घटत नाही.

तीन वर्षांचा कागद

आता त्या वहीत काय चालायचं ते बघा. १८५९ मध्ये इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा आणला. कर्जरोखा तीनच वर्षं चालेल, त्यानंतर त्यावर दावा नाही. हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षं साचू नये.

सावकाराने त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी शेतकऱ्याला बोलवायचं आणि नवा कागद करायचा. जुनी मुद्दल अधिक थकलेलं व्याज, ही झाली नव्या कागदातली मुद्दल. त्यावर पुन्हा व्याज. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, पावती मिळत नव्हती, वही सावकाराच्या घरात. नवा अंगठा उठवला नाही तर पुढच्या पेरणीला दमडी नाही. मग उठवायचा अंगठा.

आपल्याकडे जुना ‘दामदुपटी’चा नियम होता. मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करायचं नाही. पण व्याजच मुद्दल होऊन बसलं की दामदुपट मोजायची कशावर?

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका देशमुखांच्या घरावर सावकाराने हुकूमनामा बजावला आणि घर पाडलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्याचं काम करायचं नाही, पाणी भरायचं नाही, न्हाव्याने दाढी करायची नाही. आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात येतं. जमावाने सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसच्या वर गावांत लोण पसरलं. ज्याने कागद मुकाट दिले त्याला बहुतेक ठिकाणी हात लावला गेला नाही. लोकांचा राग त्या वहीवर होता, जी त्यांना कधी दाखवलीच गेली नव्हती.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात काय होतं? कोर्टाने फक्त कागदावरचा आकडा बघायचा नाही, कर्जाचा मागचा सगळा इतिहास उकरून खरी मुद्दल किती ते काढायचं. दिलेल्या पैशाची पावती मागायचा हक्क. दरवर्षी हिशोबाचा उतारा मागायचा हक्क. पासबुक मागायचा हक्क.

आज महिन्याला मोबाइलवर येणारं कार्डाचं स्टेटमेंट आपण न उघडता पुसून टाकतो. तो हक्क मिळवायला सुप्याच्या लोकांनी तुरुंग भोगला आहे, एवढं लक्षात ठेवा.

फ्रेस्नोचं टपाल

आता उडी मारू अमेरिकेत, कारण कार्डाचा जन्म तिथला. १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लब निघाला. त्यात उधारी होती, पण महिन्याअखेर सगळे पैसे भरायचे. बाकी पुढे ढकलायची सोय नव्हती.

ती सोय घराघरात नेली बँक ऑफ अमेरिकेने. सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँकेने ६० हजार लोकांच्या घरी टपालाने कार्डं पाठवून दिली. कुणी मागितली नव्हती. ३०० ते ५०० डॉलरची मर्यादा आधीच ठरलेली. सगळे भरा किंवा थोडे भरा, उरलेल्यावर व्याज. बँकेचा अंदाज होता की ४ टक्के लोक थकतील. प्रत्यक्षात थकले २२ टक्के. फसवणूकही झाली, सुरुवातीला बँकेला मोठा तोटा झाला. पण बँकेने धंदा सोडला नाही, कारण बाकी पुढे ढकलणारा माणूस हा किती कमाईचा गिऱ्हाईक आहे ते तिला कळलं होतं. त्याच कार्डाचं नाव १९७६ मध्ये झालं व्हिसा. न मागता कार्डं पाठवण्यावर अमेरिकेने १९७० मध्ये कायद्याने बंदी घातली.

आपल्याकडे १९८० मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने कार्ड काढलं. बराच काळ ते मोठ्या साहेबांच्या पाकिटातली वस्तू होतं. आपल्या गावाकडे ‘लिमिट’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने चालायचा. विकास सोसायटीचं क. म. पत्रक, म्हणजे कमाल मर्यादा पत्रक. कुणाला किती एकर, कोणतं पीक, त्यावर किती कर्ज. त्यात राजकारण होतं, वशिला होता, सगळं होतं. पण मर्यादा निदान पिकाला आणि सातबाऱ्याला बांधलेली होती.

२००० मध्ये मुंबईत सिबिल स्थापन झाली, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आता तुमची वही एका जागी नाही, सगळ्या बँकांना दिसते. चावडीवरची पत स्कोअरमध्ये आली.

आजची वही कशी वाचायची

एक साधं गणित. समजा कार्डावर ५० हजार बाकी आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. महिन्याचं व्याज झालं १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये. एकूण २,०६५. तुम्ही ‘किमान रक्कम’ म्हणून अडीच हजार भरलेत, तर बाकी कमी झाली फक्त ४३५ रुपयांनी. आणि बाकी असताना नवीन खरेदी केली तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. या दराने २९ महिन्यांच्या आत व्याज मुद्दलाएवढं होतं. जुन्या नियमात तिथे दामदुपट आडवी आली असती. बँकेच्या कार्डाला ती आडवी येत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात बँकेचं कर्ज बसत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. म्हणजे दराला कुंपण नाही. कुंपण आपणच घालायचं.

तीन वर्षांनी होणारा नवा कागद आता दर महिन्याला होतो, एवढाच फरक. अंगठ्याच्या जागी आपण ‘किमान रक्कम भरा’ हे बटण दाबतो.

मग कार्ड वाईट का? अजिबात नाही. सगळी बाकी तारखेला भरणाऱ्याला ते महिनाभराची फुकट उधारी देतं. मर्यादा वाढवून घेणंही वाईट नाही. ५० हजार खर्च १ लाखाच्या मर्यादेवर ५० टक्के दिसतो, २ लाखांच्या मर्यादेवर २५ टक्के. वापर ३० टक्क्यांच्या आत असेल तर स्कोअरला बरं असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. पण हे गणित खर्च तेवढाच राहिला तरच जमतं. मर्यादेसोबत खर्च वाढला की आपण १८६२ च्या कापसात उभे असतो.

इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

१. मर्यादा आपण मागावी, आपल्या गरजेने. सहा महिने ते वर्षभर बिल पूर्ण आणि वेळेवर भरलं, पगाराची स्लिप किंवा रिटर्न हातात आहे, अशा वेळी एका बँकेकडे अर्ज करा. एकदम चार ठिकाणी करू नका, प्रत्येक चौकशी नोंदवली जाते. अंगावर बाकी असताना तर नकोच. आणि तुमच्या संमतीशिवाय मर्यादा परस्पर वाढवायची नाही, न मागता कार्ड द्यायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. ‘नको’ म्हणण्यात पत जात नाही.

२. मर्यादा आकसणार हे गृहीत धरा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काही बँकांनी अशाच मर्यादा खाली आणल्या. २ लाखांवर ६० हजार म्हणजे ३० टक्के वापर. तीच मर्यादा ८० हजार झाली की एका रात्रीत ७५ टक्के. म्हणून दवाखान्यासाठी कार्डावर विसंबू नका, थोडे तरी पैसे खात्यात हवेत.

३. बाकी अडकलीच असेल तर त्या कार्डावरची खरेदी आधी थांबवा. कार्डावर एटीएममधून रोख काढू नका, त्याला पहिल्या दिवसापासून व्याज आहे. सोनेतारण, पतसंस्था, पगारदारांची सोसायटी यांचा दर विचारा. बहुतेक ठिकाणी तो ४२ टक्क्यांच्या खूप खाली असतो. स्वस्त कर्ज घेऊन महाग कर्ज फेडणं यात लाज नाही.

४. वही वाचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत लिहिलंय की न भरलेले चार्जेस आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायचं नाही. कार्ड बंद करायचा अर्ज केला आणि बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. पण यातलं काहीही मागितल्याशिवाय दारात येत नाही.

१८७५ मध्ये वही जाळून थोडेच दिवस भागलं. नंतर कामी आली ती १८७९ च्या कायद्यातली पावती आणि पासबुक. आजच्या वहीला काडी लावता येत नाही, ती कुठल्या सर्व्हरवर आहे ते आपल्याला माहीत नाही. पण ती उघडता येते, वाचता येते, चुकलं असेल तर लेखी भांडता येतं. घरातल्या पोरांच्या हातात पहिलं कार्ड येईल तेव्हा त्यांच्याबरोबर बसून पहिलं स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचा. शाळेत हे शिकवत नाहीत.