न फुटणाऱ्या प्लास्टिकची गोष्ट

ऐकता ऐकता एक काम करा. हातातला फोन उलटा करा. मागचं कव्हर कडक असेल, रबरासारखं वाकत नसेल, तर बहुतेक ते पॉलिकार्बोनेटचं आहे. हेल्मेटची ‘काच’, गाडीच्या हेडलाइटची ‘काच’... आपण काच म्हणतो खरं, पण तेही हेच प्लास्टिक. आज त्याचीच गोष्ट.

सुरुवात होते 1898 मध्ये, म्युनिकला. आल्फ्रेड आइनहॉर्न नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला प्रयोगात एक कडक गोळा मिळाला. विरघळेना, वितळेना. मग त्याचं करायचं काय? त्याने तो नाद सोडला. पुढे याच माणसाने नोव्होकेन शोधलं, म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायचं औषध. पण त्याचा तो गोळा पन्नासएक वर्षं विसरला गेला.

मग आलं 1953. जर्मनीत बायर कंपनीत हेरमान श्नेल यांनी बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, हे रसायन घेऊन पॉलिकार्बोनेट बनवलं. यावेळी ते वितळत होतं, साच्यात ओतता येत होतं. आणि गंमत बघा, जेमतेम आठवडाभराने अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनीही तेच बनवलं. दोघांना एकमेकांचा पत्ताच नव्हता!

फॉक्स तर शोधत होते विजेच्या तारांसाठी आवरण. ढवळता ढवळता मिश्रण इतकं घट्ट झालं की ढवळणी अडकली. शेवटी काचेचं भांडं फोडावं लागलं. ढवळणीच्या टोकाला गोळा तसाच राहिला. सांगतात की प्रयोगशाळेतली मंडळी त्याचा हातोडा करून खिळे ठोकायची, तरी तो फुटला नाही.

पेटंटच्या वेळी दोन्ही कंपन्या समोरासमोर आल्या. त्यांनी शहाणपणा केला. ठरलं असं, की ज्याला पेटंट मिळेल त्याने दुसऱ्याला परवाना द्यायचा. पेटंट बायरला मिळालं. त्यांचं माक्रोलॉन, यांचं लेक्सान. माल एकच, नावं दोन.

हे फुटत का नाही? त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. दणका बसला की त्या तुटण्याऐवजी थोड्या सरकतात आणि धक्का पचवतात. शिवाय त्या शिस्तीत रांग लावून बसत नाहीत, म्हणून उजेड आरपार जातो. साधारण 150 अंश सेल्सिअसपर्यंत हे मऊ पडत नाही, म्हणजे उकळतं पाणी ओतलं तरी आकार तसाच. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांचं गोल पारदर्शक हेल्मेट याचंच होतं. 1982 मध्ये आलेली सीडीही याचीच, 1.2 मिलिमीटर जाडीची. उणिवाही आहेत. ओरखडे पटकन पडतात, म्हणून चष्म्याच्या भिंगावर वेगळा थर द्यावा लागतो. उन्हाने पिवळं पडतं. जुन्या गाड्यांचे हेडलाइट आठवा.

इथवर सगळं छान. पण एक गोष्ट 1936 पासूनच माहीत होती. लंडनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी दाखवलं होतं की बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या हार्मोनसारखं वागतं, सौम्यपणे का होईना. सतरा वर्षांनी त्याच बीपीएपासून प्लास्टिक बनलं, आणि त्यातून बाळांच्या दुधाच्या बाटल्याही आल्या. उकळता येतात, फुटत नाहीत, आईवडिलांना आणखी काय हवं?

1993 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना वाटलं की यीस्ट इस्ट्रोजेनसारखं काहीतरी बनवतंय. निघालं भलतंच! ते येत होतं पॉलिकार्बोनेटच्या फ्लास्कमधून, निर्जंतुक करताना दिलेल्या उष्णतेने. 1998 मध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे चुकून कडक अल्कलीच्या साबणाने धुतले गेले. प्लास्टिक खराब झालं, बीपीए बाहेर पडलं आणि उंदरांच्या बीजांडांतल्या गुणसूत्रांत गडबड दिसू लागली. हातोड्यासारखं मारूनही न फुटणारी साखळी उष्णतेने आणि साबणाने मात्र सुटत होती.

मग हळूहळू नियम आले. अशा दूधबाटल्यांवर युरोपने 2011 मध्ये, तर अमेरिकेने 2012 मध्ये बंदी घातली. भारतीय मानकांनीही 2015 मध्ये त्या नाकारल्या.

घाबरायचं कारण नाही, बरं का. फोनचं कव्हर आपण खात नाही! पण ऑफिसातल्या 20 लिटरच्या जारच्या तळाशी त्रिकोणात 7 आणि खाली ‘पीसी’ दिसलं, तर तो उन्हात ठेवू नका, त्यात गरम पाणी ओतू नका. ओरखडे पडून धुरकट झाला असेल तर बदलून मागा.

मला यातली एकच गोष्ट बोचते. उत्तर 1936 मध्ये छापून आलं होतं. प्रश्न विचारायला मात्र जवळपास साठ वर्षं लागली, तीही चुकून. ‘हे फुटेल का?’ हे सगळ्यांनी तपासलं. ‘यातून काही झिरपेल का?’ हे विचारायचं राहून गेलं.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर जारचा तळ बघून ठेवा!