श्रेय कोणाचं, गोलरक्षकाचं की गुरूचं?

1986 साली मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने आइस हॉकीचा स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा गोलपुढे उभा होता अवघ्या विशीतला पॅट्रिक रॉय. बाद फेरीत त्याने सामन्यामागे सरासरी दोनहूनही कमी गोल दिले. त्याच्यामागे होते गोलरक्षकांचे प्रशिक्षक फ्रांस्वा अलेर.

त्यांची पद्धत ‘बटरफ्लाय’ची: गुडघे बर्फावर टेकायचे, पाय दोन्ही बाजूंना पसरायचे आणि पॅडची भिंत उभी करायची. ती त्यांनी शोधलेली नव्हे. ग्लेन हॉल आणि टोनी एस्पोझिटो आधीच तसे खेळत. अलेर यांनी तिला शिस्त दिली. पक (खेळातली चकती) कुठून येतो ते पाहून कोनात सरकायचं, मग खाली बसायचं. हे पुन:पुन्हा घोटून घेतलं. पूर्वी गोलरक्षकाला शिकवायला फारसं कोणी नसेच.

पण श्रेय मोजायचं कसं? 1980च्या दशकाच्या मध्यास एनएचएल या लीगचे गोलरक्षक शंभरातले साधारण 87-88 फटके अडवत. 2004पर्यंत हा आकडा 91च्या आसपास गेला. त्यात मोठ्या पॅडचा आणि बचावात्मक डावपेचांचाही वाटा आहे. शिवाय 1995च्या डिसेंबरमध्ये कोलोरॅडोला गेलेल्या रॉयने अलेर यांच्याविना आणखी दोन चषक जिंकले.

खरा पुरावा अनाहाइमचा वाटतो. कॅल्गरी संघाने अनाहाइमला देऊन टाकलेला गोलरक्षक झां-सेबास्तियां जिगेर तिथे अलेर यांच्या हाताखाली घडला आणि 2003च्या बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही अंतिम फेरी हरलेल्या संघातून!