गिऱ्हाइकाकडची वही

किराणा दुकान पद्धतशीर चालतं की नाही, हे लोक गल्ल्यामागच्या वह्या बघून ठरवतात. मी गिऱ्हाइकाच्या पिशवीत वही आहे का ते बघते. दुकान उधारीवर चालत असेल आणि हिशोबाची एक प्रत समोरच्याच्या हातात नसेल, तर आतल्या वह्या कितीही नीटनेटक्या असोत, तो हिशोब अर्धाच.

आमच्याकडे देशी नामं ही हिशोबाची जुनी पद्धत होती. लांबट, लाल कापडी बांधणीची वही. कागदावर रेघा नसायच्या, घड्या घालून सळ पाडलेले असायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसभराची रोकड आधी रोजकीर्दीत चढायची. रात्री दुकान वाढवताना सासरे सकाळच्या शिलकीत आलेली रक्कम मिळवायचे, गेलेली वजा करायचे आणि उरलेला आकडा गल्ल्यातल्या रोख पैशांशी ताडून बघायचे. चार आण्यांचा फरक आला तरी ते जेवायला उठत नसत. पैसे गेल्याचं दुःख नसायचं. कुणा गिऱ्हाइकाची जमा मांडायची राहिली असेल, ही धास्ती असायची. मग कीर्दीतली एकेक उधारी-वसुली खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जायची आणि कीर्दीत तिच्या शेजारी खात्याचा पान नंबर पडायचा. नंबर दिसला नाही, तर ती ओळ खतवायची राहिली आहे, हे नजर टाकताच कळायचं. हाताखाली नोकर नसताना एकटा माणूस एवढ्यावर शेकडो खाती सांभाळायचा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण हीच शिस्त एकतर्फी असली की काय होतं, ते आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्यानं पाहिलं आहे. 12 मे 1875 रोजी आजूबाजूच्या गावांतले शेतकरी सुप्याच्या बाजारात जमले आणि दुकानदारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागू लागले. दुकानदार आणि सावकार बहुधा एकच असायचा. मिळालेले कागद लोकांनी जाळले, धान्याची दुकानं लुटली, काही घरांनाही आग लावली. लोण पुढे नगर जिल्ह्यात पोचलं.

याची मुळं जुनी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 पासून इथल्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मिळेनासं झालं आणि त्यातच सरकारनं सारा वाढवला. रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणणारा 1859 चा कायदा कुळांच्या, म्हणजे कर्जदारांच्या, भल्यासाठी होता. सावकारांनी दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. कुळांची तक्रार साधी होती: भरलेल्या पैशाची पावती मिळत नाही, आणि वहीत काय लिहिलंय ते आम्हाला कळत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी त्या दिवशी नेमके कागद मागितले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढे 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, पहिल्यांदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी. कर्जाचा व्यवहार पहिल्यापासून तपासण्याचा अधिकार त्यानं कोर्टांना दिला. इतिहासकार त्याबद्दल बरंच लिहितात. माझ्यासारख्या दुकानदारणीला त्यातली मागची, साधी कलमं मोलाची वाटतात. भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा लेखी हिशोब आणि कुळाजवळ राहील असं पासबुक. दुसरी प्रत कुळाचा हक्क ठरली, ती अशी.

आमच्या दुकानातली गिऱ्हाइकाची छोटी वही याच जातीची. साखर, गोडेतेल, चहाची पुडी, जे नेलं ते तिच्यात आणि आमच्याकडे एकाच वेळी लिहायचं. चूक झाली तर खाडाखोड करायची नाही. उलटी नोंद घालायची, दोन्हीकडे. 1957 मध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले, पुढे सगळ्यांचं हिशोबी वर्ष 31 मार्चला संपायला लागलं. लक्ष्मीपूजनाला वही पुजली जाते, हिशोब मात्र एप्रिलपासून धरतात. या दोन वह्यांचा नेम तेवढा बदलला नाही.

आता मी उधारी फोनवरच्या अ‍ॅपमध्ये लिहिते. नोंद केली की गिऱ्हाइकाला लगेच मेसेज जातो, हे मला मनापासून आवडतं. पण आमच्याकडे शेतमजुरीला जाणाऱ्या कितीतरी बायकांचा नंबर म्हणून नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर असतो. मेसेज तिथं जातो, पैसे भरते ती बाई. अशा सगळ्यांच्या वह्या मी चालू ठेवल्या आहेत. पैसे घेतले की आधी तिच्या वहीत जमा, मग माझ्या फोनमध्ये.